चंद्राबाईंच्या डाव्या कानामागचा भाग

ब्राह्मी मगदूम नर्सिंगच्या पदवीसाठी साताऱ्यात आली ती १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, सोमवारी. माझ्या घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली. तिच्याबरोबर दोन बॅगा, पाणी गाळायचं जाड फडकं आणि आजोबा होते. आजोबा म्हणजे तात्या, तासगावजवळचे द्राक्षबागायतदार. खोली पाहण्याआधी त्यांनी माझं स्वयंपाकघर पाहिलं आणि बटाट्यांच्या टोपलीपाशी थांबले.

"वैनी, ह्यांचं काय करायचं?"

"मी खाते त्यांना," मी म्हणाले.

"तुमी खावा. पोरीच्या ताटाकडं येऊ देऊ नका."

ब्राह्मीला नर्सच का व्हायचं होतं, ते तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तिची आजी अर्धांगवायूने नऊ महिने अंथरुणावर होती. सोळा वर्षांची ब्राह्मी तिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पुसायची, पावडर लावायची. तरी पाठीला जखम झाली. "माझं काय चुकलं, ते शिकवणारा अभ्यासक्रम मला हवा होता," ती म्हणाली. वडिलांनी फार्मसी सुचवली, मामाने इंजिनीअरिंग. तिने दोघांनाही विचारलं, त्यात पाठीच्या जखमेवर धडा आहे का? नव्हता.

तात्या मात्र आठ महिने अडून बसले होते, कारण ब्राह्मीचा नियम. ती अकरा वर्षांची असताना गावात जैन मुनी महाराज आले होते. बाकीच्या पोरांनी चातुर्मासापुरता वडापाव सोडला. हिने जन्मभरासाठी नियम घेतला, की हालताचालता जीव जाणूनबुजून आपल्या हाताने मारायचा नाही. शेवटी तात्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. नियम मोडला, की त्याच दिवशी बॅग भरायची.

"रोगजंतू मारलेले चालतील का?" मी विचारलं.

"त्यांना एकच इंद्रिय. चालवून घिऊ," तात्या म्हणाले. घरी त्यावर बैठक झाली होती म्हणे.

"आणि द्राक्षांवर फवारता ते?"

"बागंला फवारतो, वैनी. किड्याला न्हाई. किडा मधी येतो."

सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग ब्राह्मी एके दिवशी जेवलीच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना एक वही असते. अंथरूण घालणे, ताप मोजणे, रुग्णाला आंघोळ घालणे अशी कामं रुग्णावर करून दाखवायची आणि शिक्षिकेची सही घ्यायची. त्यात एक काम होतं, डोक्यातल्या उवांवर उपचार. उवेला तीन इंद्रियं असतात. तिथे तात्यांकडून सूट नव्हती.

तिने त्यांना माझ्यासमोरच फोन लावला. "तात्या, तुमची फवारणी पोटापाण्याची, उद्योगी हिंसा म्हणून गृहस्थाला चालते. मग माझाही हा उद्योगच की."

"पगार किती?"

"पगार कसला, शिकतेय मी!"

"मग उद्योग कुटला? ही संकल्पी हिंसा, ठरवून केल्याली. पगार सुरू झाला की खुशाल मार."

"अहो, उवा मारल्याशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय पगार नाही."

"तेच तर अवघड हाय बग," तात्या समाधानाने म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आणखी एक अडचण होती. रुग्णालयात उवा असलेलं डोकंच मिळेना. सात मुलींच्या वह्या त्यासाठी अडल्या होत्या. अखेर १२ सप्टेंबरला खंडाळा तालुक्यातल्या चंद्राबाई दाखल झाल्या. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं आणि डोक्यात मुबलक उवा. मुलींना इतका आनंद झाला, की त्या दिवशी चंद्राबाईंना सात वेळा चहा मिळाला.

एकीने उपचार केले असते तर बाकीच्यांना काही उरलं नसतं. म्हणून त्यांच्या शिक्षिका सोनम मॅडम यांनी फणीने भांग पाडून डोक्याचे सात भाग केले.

"माजं डोकं हाय का सातबारा?" चंद्राबाई ओरडल्या. "वाटण्याच करायच्या तर मोजणीवाला तरी बोलवा!"

ब्राह्मीच्या वाट्याला डाव्या कानामागचा भाग आला. सहा जणींनी आपापल्या हद्दीत औषध लावलं. ब्राह्मीने फणीने चौदा उवा जिवंत काढल्या, चार केसांसकट छोट्या बाटलीत घातल्या आणि घरी आणून माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी आमच्या डोक्यावर रॉकेल ओतलं जाई. उवेची अशी सरबराई मी प्रथमच पाहत होते.

"केसांबाहेर त्या दोन दिवससुद्धा जगत नाहीत, आजी," ती म्हणाली. "म्हणजे काढल्या तरी मारल्यासारखंच." म्हणून कानामागच्या बाकीच्या तिने तशाच राहू दिल्या.

पुढच्या पाच दिवसांत डाव्या कानामागून उवा निघाल्या आणि त्यांनी उरलेले सहाही भाग परत घेतले. सोनम मॅडमनी सहा जणींच्या सह्या लाल शाईने खोडल्या. त्या सहा जणी ब्राह्मीशी बोलेनाशा झाल्या. "औषधाने घालव नाहीतर हाताने वेच," मॅडम म्हणाल्या, "पण दहा ऑक्टोबरपर्यंत हे डोकं तूच साफ करायचंस. नाहीतर तुला परीक्षेला बसता येणार नाही."

ब्राह्मी हाताने वेचून नव्या उवा बाटलीत भरायला लागली आणि तिने तात्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने तात्या आले. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"जीवाला एका घरातनं काढलं, तर दुसरं घर द्यायला पायजे," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली. या वयातही डोक्यावर दाट पांढरे केस होते. "सोड हितं."

"तात्या, वेड लागलंय का तुम्हाला?"

"नियमाला वाट काडायची तर कायतरी झळ सोसायला नगं? सोड."

तिने सोडल्या. तात्या मग माझ्याकडेच राहिले. रोज संध्याकाळी ब्राह्मी वॉर्डातून भरलेली बाटली आणायची आणि त्यांच्या डोक्यावर रिकामी करायची. खाजवलं तर एखादी चिरडेल, म्हणून तात्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. छोट्या जाहिरातीसुद्धा ते पुन्हा वाचायला लावत. माझी उशी मी कपाटात कुलपात ठेवली.

पाचव्या सकाळी त्यांनी विचारलं, "आणिक किती हायत गं?"

"लिखा फुटतायत, तात्या. रोज नव्या निघतात."

"म्हंजे कवा संपायच्या?"

"अशा कधीच नाही. चंद्राबाईंच्याही नाही आणि तुमच्याही नाही."

तात्या डावा खांदा कानाला घासत राहिले. मग एकदम म्हणाले, "ब्राह्मे, ह्यांनी हल्ला केलाय माज्यावर. ही इरोधी हिंसा. जिवावर आलं तर गृहस्थाला चालती. आण औषध."

"त्यांनी हल्ला नाही केला. तुम्ही बोलावून घेतलंत."

"मग मी हुकूम देतो. पाप माज्या डोक्यावर."

"तुमच्या डोक्यावर आता जागा नाही," ब्राह्मी म्हणाली. ती हसत नव्हती. "चंद्राबाईंना आठ दिवस झोप नाही. पाय बांधलेला, कुशीवर वळता येत नाही आणि वर डोकं खाजतंय. का? तर माझा नियम मी त्यांच्या डोक्यावर पाळतेय. मी आज औषध लावणार. मारायचं म्हणूनच लावणार. त्याला दुसरं नाव नको."

"मग बॅग भरावी लागंल."

"तुम्ही भरा. माझी ड्यूटी आठला आहे."

वॉर्डात तिने चंद्राबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुज्यामुळं व्हय गं? मला वाटलं सरकारी उवा हायत, अर्ज केल्याबिगर जायच्या न्हाईत." मग तिने सातही भागांना औषध लावलं आणि डोकं फडक्यात बांधलं.

इकडे तात्यांनी खरोखरच ब्राह्मीची बॅग काढली. युनिफॉर्म घडी घालून ठेवला, पुस्तकं ठेवली. मध्येच हात थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा घडी. ब्राह्मी संध्याकाळी आली तेव्हा बॅग अर्धी भरलेली होती आणि तात्या बोडक्या डोक्याने खुर्चीत बसले होते.

"आदी माजं डोकं," ते म्हणाले. "बॅगंचं मागनं बगू."

तिने त्यांनाही औषध लावलं, फडकं बांधलं आणि स्वतः उपवास केला. पाच दिवसांत पहिल्यांदाच तात्या झोपले, ते सकाळी साडेनऊला उठले. कराडची गाडी गेली होती. दुपारच्या गाडीने जाताना त्यांनी ब्राह्मीला सांगितलं, "म्हाराज पायी विहार करत हिकडं आले की तुजं तू सांग त्यास्नी. मी मधी पडनार न्हाई." बॅग त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती. ब्राह्मीने ती रविवारी मोकळी केली.

या वर्षी ती पदवी घेऊन सांगलीत नोकरीला लागली. पाठीच्या जखमेवरचा धडा तिसऱ्याच महिन्यात झाला होता. तिचं दोन तासांचं वेळापत्रक बरोबर होतं; चूक एवढीच, की आजीच्या पाठीखाली चादरीची सुरकुती राहत होती. वह्या ती माझ्याकडे ठेवून गेली. उवांच्या पानावर शेरा आहे: 'डोके साफ. मेलेल्या उवा अंदाजे दोनशे. जाणूनबुजून.'

तो शेवटचा शब्द खोड, असं सोनम मॅडमनी तिला तीनदा सांगितलं होतं. "हे इथे लिहायचं नसतं गं."

"मग कुठे लिहू, मॅडम?"

मॅडमनी सही केली ती त्या शब्दाच्या बाजूला, उरलेल्या जागेत, जरा तिरपी.