वरातीत उकळणारी मोटार

आमच्या मोटारीने रत्नागिरीत एक अख्खा नवरदेव शिजवला होता. खोटं वाटत असेल तर मांडवीला जाऊन विचारा. तिथली माणसं माझ्यापेक्षाही वाढवून सांगतील.

ही गोष्ट एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमाराची. आमचे हे मुंबईला एका शेटजींची मोटार चालवायचे. लग्न झाल्यापासून मला नवरा मिळायचा तो शिमग्याला आणि गणपतीला, आणि तोही आल्या दिवसापासून परतीच्या बोटीची चौकशी करणारा. मग शेटजींनी नवी गाडी घेतली, जुनी यांना बक्षीस दिली आणि हे नोकरी सोडून ती घेऊन घाट उतरून आले. आठ सिलिंडरचं ते धूड! सुरू झालं की शेजारच्या आंब्यावरचे कावळे पार नाटे गावापर्यंत उडून जात आणि तिसऱ्या दिवशी चौकशी करत परत येत.

यांचा बेत असा, की लग्नसराईत मोटार वरातींना द्यायची आणि घरीच राहायचं.

"एवढा वैशाख निभावला तर राहिलो," हे म्हणाले. "नाहीतर पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायच्या आत मुंबई. शेटजींनी जागा ठेवलीय."

सासूबाईंनी त्या दिवसापासून मारुतीला प्रदक्षिणा धरल्या. मीही धरल्या असत्या, पण मारुती म्हणाला असता, एका घरातून एकच अर्ज घेतो.

पहिल्या वरातीला मोटार लग्नमांडवापासून निघाली ती राणीसारखी. पुढे बँड, मागे आम्ही बायका. वरात म्हणजे मुंगीची चाल. चार पावलं जायचं, थांबायचं, बँडवाल्यांनी एक गाणं वाजवायचं, पुन्हा चार पावलं. इंजिन मात्र सारखं चालूच. दुसऱ्या गाण्याला बॉनेटमधून फुसफुस आली, तिसऱ्याला झाकण उडालं आणि नवरदेव वाफेत दिसेनासा झाला. ढग विरला तेव्हा मुंडावळ्या ओल्या लुसलुशीत होऊन नाकाला चिकटलेल्या, आणि नवरी विचारते, "हेच का ते?"

दुसऱ्या वरातीला तेच. तिथला नवरदेव तर घाबरून उडी मारून पळाला. लोकांना वाटलं, लग्नच मोडलं.

पण हेच इंजिन यांनी हातखंब्यापर्यंत पळवून आणलं की थंडगार. आमच्या अंगणात तासभर नुसतं चालू ठेवलं तरी हूं की चूं नाही. उकळायचं ते नेमकं वरातीत. यांनी रेडिएटर उतरवून चिंचेच्या पाण्याने धुतला, काथ्याने घासला, तान्ह्या पोराला घालावी तशी विहिरीवर आंघोळ घातली. स्टिअरिंगवरची ठिणगीची वेळ बदलायची दांडी पुढे केली, मागे केली. बॉनेटला जाळीसारखी भोकं पाडली. शेवटी पायरीवर बसून म्हणाले, "गाडीला बँड सोसत नाही. दुसरं काही नाही."

मी हसले. मग पाहिलं, तर यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून ठेवली होती. हसणं तिथेच थांबलं.

आता एकच वरात उरली होती. पावस गावचा एक बागाईतदार, त्याचा मुलगा, लग्न आमच्या रत्नागिरीत. त्यातही मोटार उकळली की यांना मुंबईची बोट.

आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला मी तुळशीपाशी होते. पाहते तर सासूबाई हातात वाटी घेऊन मोटार ठेवायच्या मांडवाकडे चालल्यात. मागोमाग गेले. आमच्या सासूबाई, ज्यांना ताकाचा डेरा उचलवत नव्हता, त्या बॉनेट डोक्याने वर धरून आत वाकल्या होत्या. पंखा फिरवणारा जो चामड्याचा पट्टा असतो, त्याला बोटाबोटाने करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोपडत होत्या. वास घमघमत होता. तोच कडू वास मागच्या वरातीत आला होता. मला वाटलं होतं, मशालींचा असेल.

"आई! हे काय?"

"हळू बोल गो. चामडं आहे. तेल नाही लावलं तर बुरशी येईल. शिवाय करकर करतो मेला. चारचौघांत माझ्या लेकाला हसतील."

"रोज लावता?"

"रोज कशाला? दोन दिवस तरी पुरतं, मग जिरतं. वरातीला जायची असली की. बाहेर जाताना वहाणांना लावत नाही का आपण?"

मला सगळं एकदम दिसलं. हे कुणाला मोटारीचं समजावत असले की मी कान देत असे, तेवढी अक्कल होती.

"आई, तेलाने तो पट्टा घसरतो. पंखा फिरत नाही. गाडी पळत असली तर रस्त्यावरचा वारा तरी लागतो. वरातीत उभ्या गाडीला वारा कुठला?"

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. बराच वेळ बोटं पदराला पुसत राहिल्या.

"म्हणजे मीच पाठवत्ये होय गो त्याला मुंबईला?"

त्यांना सुनावण्यासारखं माझ्याकडे बरंच साठलं होतं. चांगलं दहा बोटी भरतील एवढं. त्यातलं एकही ओठावर येईना.

"राख आणते," मी म्हटलं. "आणि रिठ्याचं पाणी."

"त्याला सांगू नको हो."

"कुणाला? मला तर काही दिसलंच नाही."

दोघींनी मिळून तो पट्टा असा घासला, की माझ्या लग्नातली भांडीही तशी घासली गेली नव्हती.

सकाळी यांनी हँडल मारलं आणि पट्टा असा किंचाळला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. यांनी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. पट्ट्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. पट्टा ज्यावर फिरतो त्या खालच्या चाकाच्या खाचेत राख होती, ती पाहिली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, तांदूळ निवडायचं सोंग घेऊन, सुपात तांदूळ नसताना.  यांनी पेट्रोलच्या फडक्याने खाच पुसली, पट्टा थोडा ताणून बसवला.

त्या वरातीत बँडवाल्यांनी येत होती तेवढी सगळी गाणी वाजवली, आणि येत नव्हती तीही. देवळापुढे तर एवढा वेळ थांबलो, की नवरदेवाला मिशा फुटल्या. मोटारीने सुस्कारासुद्धा टाकला नाही. सासूबाई माझा हात धरून चालत होत्या. वरात थांबली की त्यांची मूठ घट्ट व्हायची.

घरी आल्यावर यांनी आपल्या चामड्याच्या वहाणा आणून आईपुढे ठेवल्या.

"आई, तेल लाव ह्यांना. यंदा पावसाळाभर इथेच राहायच्यात, बुरशी यायला नको. मोटारीचं मी बघतो."

सासूबाईंनी मान खाली घालून वाटी ओढली. त्यांनी त्या वहाणांना इतकं करंजेल पाजलं, की दुसऱ्या दिवशी हे ओटीवरून घसरले ते थेट मांडवीच्या बंदरावर. तिथे बोट लागलेली होती. तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बांगडे घेऊन घरी आले.