मामांचा उंचीला भिणारा वीर

जगातल्या समस्त महाबली वीरांना सोलापुरी बोलायला लावणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे धाकटे मामा. चादरीच्या कारखान्यातली नोकरी, पदरी चार मुली, डोक्याला टक्कल. पण रविवार उजाडला की मामा नवी पेठेतल्या वाचनालयात हजर. तिथे मुंबईहून जुनी इंग्रजी कॉमिक्स यायची आणि मामा ती आम्हा भक्तमंडळींना मराठीतून वाचून दाखवायचे. त्यांच्या तोंडी पडलेला राक्षस "तुला आता सोडत न्हाय की" म्हणायचा आणि अमेरिकेतले पोलीस आधी चहा मागवायचे. वीराने भिंत फोडली की मामा टेबलावर बुक्की हाणत आणि उरलेलं पुस्तक हात चोळत वाचत. मात्र स्वतःच्या घराच्या गच्चीवर ते कधी गेले नाहीत. मामा उंचीला भितात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. वर पापड वाळत घालायला नेहमी मामीच जायच्या.

एके वर्षी आमचा लाडका उडणारा वीर एका नव्या लेखकाच्या हाती गेला आणि त्याने वीराला चक्क उंचीची भीती दिली. उडायचा, पण खाली पाहिलं की त्याचे हातपाय कापायचे. वाचनालयात बंडच झालं. "भितोय तर त्यो वीर कसला?" वाचनालयाचे मालक म्हणाले. मीही त्यांच्याच बाजूचा. मामा एकटे शांतपणे म्हणाले, "न भिता उडतंय ते पाखरू. भिऊन उडतोय त्यो वीर." कुणी ऐकेना. मालकांनी त्या लेखकाची सगळी पुस्तकं माळ्यावर टाकली. "ज्याला लई पुळका हाय त्यानं सोत्ता चढून आणावीत. न्हाय तर उद्या रद्दीत."

मामा उठले. चपला काढल्या, शिडीला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "शिडी सोडू नको रं." डोळे घट्ट मिटून, मारुतीचं नाव घेत ते चढले. शिडी अशी थरथरत होती की मला भिंतच हलतेय असं वाटलं. बऱ्याच वेळाने गठ्ठा काखोटीला मारून उतरले तेव्हा सदरा घामाने चिंब होता. "आता बोला मालक, मी भित्रा का वीर?" मालकांनी पुस्तकं पुसून पुढे मांडली आणि सगळ्यांना भजी मागवली. आम्ही मामांना खांद्यावर घ्यायला धावलो, तर ते मागे सरले. "आता न्हाय. एका दिवसाला एवढी उंची बास."

म्हातारपणी मामांची नजर गेली. मग तीच पुस्तकं मी त्यांना वाचून दाखवू लागलो, त्यांच्याच सोलापुरीत. वीर उडायला निघाला की मामा चाचपडत माझा हात शोधायचे.

"शिडी धरलीस न्हवं?"

"धरलीय, मामा."

"मग उडू दे त्याला."