अमर तिकडं काय करतो

मी परदेशी निघाले त्या दिवशी रडली ती फक्त आमची म्हैस, असं अमर अजून सगळ्यांना सांगतो. अमर म्हणजे माझा नवरा. घरचे सगळे मला सोडायला अंगणात उभे आणि म्हशीच्या धारेची वेळ टळून गेलेली. बाकी कुणी डोळ्यात पाणी आणलं नाही. शाहूवाडीच्या डोंगरातली आमची माणसं मायासुद्धा ओरडूनच करतात. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, हातावर दही ठेवलं आणि लगेच सईला माझ्या कडेवरून ओढून घेतलं. सई तेव्हा नुकती बोलायला लागलेली. सासऱ्यांना मी मामा म्हणते, अमर आबा म्हणतो. मामा आधी ड्रायव्हरवर ओरडले, मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा बिनघोर. पोरीचं आमी बघतो. शिकलीस ती चुलीम्होरं बसायला न्हाय." गाडी घाट ओलांडेपर्यंत मी रडले नाही. त्यानंतरचं सांगत नाही.

तुमच्यापैकी ज्या पोरी आता तिकडं जायची तयारी करताय त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोल्हापुरात मी ज्या हॉस्पिटलात नर्स होते तिथं सिस्टर म्हणजे सलाईन, इंजेक्शन, औषधं आणि दरडावणं. पेशंटचं अंग पुसणं, शी-शूचं भांडं देणं, मऊ भात भरवणं हे सगळं नातेवाइकांकडं. त्यातही बायकोकडं, लेकीकडं, नाहीतर सुनेकडं. मुलगा बाहेर बाकावर बसून औषधाच्या चिठ्ठ्या सांभाळणार. ही वाटणी कधी कुणी शिकवत नाही, पण प्रत्येकाला ती पाठ असते.

इंग्लंडात बाहेरून शिकून आलेल्या नर्सला आधी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. मी निर्धास्त होते. एवढा मोठा वॉर्ड एकटीनं सांभाळलेली मी, मला कोण काय शिकवणार? आणि नापास झाले. पेशंटचं सोंग घेऊन खाटेवर बसलेल्या बाईंचा हात मी सरळ उचलला आणि नाडी बघायला लागले. आपल्याकडं ह्याला चलाख सिस्टर म्हणतात. तिथं आधी आपलं नाव सांगायचं, पडदा ओढायचा, हात लावू का म्हणून विचारायचं, आणि समोरचं माणूस हो म्हणालं तरच लावायचा. फोनवर अमरला सांगितलं तर तो म्हणाला, "मग इचार की! तोंडाला कुलूप हाय व्हय तुझ्या?" दुसऱ्या खेपेला मी इतकं विचारलं की त्या बाईच कंटाळल्या असतील. पास झाले.

वॉर्डात रुजू झाले तर पहिल्याच सकाळी हातात इंजेक्शनऐवजी कोमट पाण्याचं भांडं आलं. खाटेजवळ एकही नातेवाईक नाही. एका आजींची पाठ पुसताना माझ्या मनात नुसता संताप. ह्याच्यासाठी मी पोरगी सोडून आले का? पण त्या आजी डोळे मिटून इतक्या निवांत झाल्या की पाठ पुसून झाली तरी मी उगीच थोडा वेळ हात फिरवत राहिले.

वर्षभरानं अमर सईला घेऊन आला. तो कागलच्या एमआयडीसीत लोखंडी पार्ट कातणाऱ्या सीएनसी मशीनवर होता, सुपरवायझर व्हायच्या बेतात. ते सोडून निघाला तेव्हा भावकीनं टिंगल करायची ती केलीच. बायकोच्या मागं चाललाय म्हणाले. मामांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी अमरला वेगळंच बजावलं होतं. "बायकूच्या मागनं जातोयस, जा. पर तिथं कुणाचं हागल्यालं-मुतल्यालं काढू नगंस. आपल्या घरात पुरुषानं त्ये कधी केल्यालं न्हाय."

आणि अमरला नोकरी लागली ती नेमकी म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये. कारखान्यांच्या दारात पुष्कळ हिंडला, पण तिथं कुणी त्याला मशीनला हात लावू देईना. कामावर जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. "तू म्हातारा. मी धुतो." आणि ओल्या फडक्यानं माझा दंड असा घासला की कातडी लाल झाली. "आरं, माणूस हाय ह्यो! मशीनचा पार्ट न्हाय," मी ओरडले. सई हसून हसून फरशीवर लोळली.

पहिले काही दिवस कामावरून आला की तो गप्प चहा पीत बसायचा. मग हळूहळू सांगायला लागला. कोळशाच्या खाणीत काम केलेले एक आजोबा आहेत, दाढी करून घेताना डोळे मिटून गाल पुढं करतात. एक आजी फक्त त्याच्याच हातून खातात. ज्या गड्यानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं तो आता घरी येऊन मला सांगायचा की मानेखाली उशी कशी सारली म्हणजे खाताना ठसका लागत नाही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. तोंडावर बोलले नाही, नाहीतर डोक्यावर बसला असता.

गावाकडं मात्र आत्तींनी सांगून टाकलं होतं, "अमर कंपनीत हाय. मोठा सायब." अमरनंही ते तसंच चालू दिलं. केअर होमचा निळा शर्ट बदलल्याशिवाय तो घरी व्हिडिओ कॉल लावत नसे. मी चिडायचे. चोरी करतोस का कुठं? त्यावर तो एवढंच म्हणायचा, "आबांचं तोंड पडल्यालं मला बघवायचं न्हाय गं." बापाच्या नजरेतून उतरायची त्याला भीती होती. त्या भीतीपुढं माझं काही चालत नव्हतं.

गेल्या साली मामांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. आम्ही पोचलो तोवर हॉस्पिटलातून घरी आणून त्यांना सोप्यातल्या कॉटवर ठेवलं होतं. आल्या-गेल्यानं बसायची ती पुढची जागा, आणि तिथंच मामा पडून. अंगाला वास येत होता. आत्तींच्या गुडघ्यांत त्यांना उचलायची ताकद नाही. मी पाणी घेऊन पुढं झाले तर त्यांनी उजव्या हातानं चादर छातीशी घट्ट धरली. "सुनंनं न्हाय. मरू दे, पर न्हाय." इंग्लंडातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना आंघोळ घातलेली मी माझ्या घरच्या म्हाताऱ्यापुढं भांडं धरून नुसती उभी राहिले. भावकीतले दोन गडी दारात होते. त्यांनी बायकांकडं बघितलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

अमरनं बाह्या दुमडल्या.

त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला आत्तींचं लुगडं आडवं बांधलं. मदतीला म्हणून मला लुगड्याच्या आतल्या बाजूला, मामांकडं पाठ करून उभी केली. मला फक्त ऐकू येत होतं. "आबा, तोंड पुसू का?" "आबा, आता उजवा हात." "आबा, कुशीवर घेतो, माझ्या खांद्याला धरा." प्रत्येक वेळी आधी विचारणं आणि मग पाण्याचा आवाज. मामा पहिल्यांदा खेकसले, "इचारतोस काय सारखं?" दुसऱ्यांदा नुसतं "हं" म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुठं शिकलास ह्ये?"

अमरचा हात थांबला असणार, कारण पाणी वाजायचं थांबलं.

"तिकडं. कंपनी-बिंपनी काय न्हाय, आबा. म्हाताऱ्या माणसांचं करतोय. सगळं करतोय."

लुगडं सोडलं तेव्हा मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते, अंगात धुतलेली बंडी. अमर परसात जाऊन भांडी घासत बसला. मी शेजारी बसले तर म्हणाला, "बोललो ते बरं झालं." चेहरा मात्र उतरलेला. दुसऱ्या दिवशी मामांनी मुकाट्यानं आंघोळ घालून घेतली. तिसऱ्या दिवशीही तसंच. पोराशी एक शब्द नाही.

मग मलकापूरकडचे पाव्हणे बघायला आले. सोपा माणसांनी भरला. अमर तेव्हा मामांच्या लुळ्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता. पाव्हण्यांनी चहा फुंकत विचारलं, "पोरगं तिकडं काय करतंय म्हनायचं?"

आत्ती घाईनं म्हणाल्या, "कंपनीत..."

"ह्येच," मामा म्हणाले. जीभ जड, पण आवाज जुनाच, दणदणीत. "ह्येच करतोय त्यो. बघा की, कसा करतोय."

पाव्हण्यांनी बघितलं. भावकीनंही बघितलं. अमर खाली मान घालून बोटंच सरळ करत राहिला, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी मामांच्या तळहातावर पडत होतं. आमच्याकडं फार भारी माणसाला नादखुळा म्हणतात, मी तेवढंच म्हणते. बाप आणि लेक दोघांनाही.

रजा संपत आली तोवर अमरनं धाकट्या चुलतभावाला सगळं शिकवलं. तो आता मामांचं करतो, आणि विचारून करतो. निघायच्या दिवशी मी मामांच्या पाया पडले, अमर पडला. त्याला उजव्या हातानं उठवताना मामा म्हणाले, "जावा आता. तिकडची म्हातारी माणसं खोळंबली असत्याल."

इतकी वर्षं मला वाटायचं, आपण घर सोडून परक्याच्या दारात कामाला गेलो. खाणीतले ते आजोबा, त्या घास भरवून घेणाऱ्या आजी, ह्या सगळ्यांना मामांनी त्या एका वाक्यात, कॉटवर पडल्या पडल्या, आपल्यात घेतलं. गाडी सुटली तेव्हा मी ह्या खेपेलाही रडले. पण ते घर सुटलं म्हणून नव्हतं. आम्ही घरून घरी चाललो होतो.