चढावर चालायचे

एल्ड्रिड आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात उन्हाळी कामाला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. उंच, हाडापेराने मजबूत, आणि जेवायला बसली की दोन माणसांचे जेवणारी. सकाळी साडेसातला ती चाकांच्या स्कीवरून यायची. डांबरी रस्त्यावर काठ्यांची टोके वाजू लागली की मी समजायचे, आता पाव कापायला घ्यावा. दारात स्की काढायची, काठ्या छत्र्यांशेजारी उभ्या करायची, मोजे बदलायची आणि बटाटे सोलायला बसायची.

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटले, "अगं, बस आहे की."

"बसने आले तर बस दमेल," ती म्हणाली. "मी कुठे दमणार?"

आमच्या या फुरुडाल गावात हे कोणाला विचित्र वाटत नाही. हिवाळ्यात बर्फावर कोण कितवा येणार ते जूनमध्येच ठरते, असे इथली जुनी माणसे म्हणतात. बर्फ गेला की पोरे चाकांच्या स्की बाहेर काढतात, हातात काठ्या घेऊन दलदलीतून पळतात, पुन्हा बर्फ पडेपर्यंत. एल्ड्रिडसाठी मात्र हा उन्हाळा नेहमीचा नव्हता. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी डोंगर चढण्याची चाचणी होती, आणि तीतून जिल्ह्याच्या संघात सहा मुली घ्यायच्या होत्या. मागच्या वर्षी ती सातवी आली होती. सहावीला शिक्षक मिळतो, नव्या स्की मिळतात, हिवाळाभर सरावाची सोय होते. सातवीला लोक म्हणतात, "थोडक्यात हुकलं गं." वयाच्या नियमाने ही तिची शेवटची खेप होती.

गावातल्या स्की क्लबचा शिक्षक तोर्गेर. पोटापाण्याला सुतारकाम करतो, पोरांना फुकट शिकवतो. जुन्या वळणाचा माणूस. मनगटावर नाडी दाखवणाऱ्या घड्याळांवर त्याचा विश्वास नाही. "घड्याळाला काय कळतंय? आपल्या अंगाला विचारा आणि वहीत लिहा," हे त्याचे ठरलेले वाक्य. सकाळी जाग आली की अंथरुणातच नाडी मोजायची आणि लिहायची; सरावाच्या अंगाची नाडी संथ असते, ती चढू लागली की अंग थकले असे समजायचे. दिवसभरात जी मेहनत केली ती कितव्या पायरीची, तेही लिहायचे. पायऱ्या पाच. पहिलीवर शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पाचवीवर स्वतःचे नावसुद्धा सांगता येऊ नये. आठवड्यातले बहुतेक तास पहिल्या पायरीवरच घालवायचे. आणि पहिल्या पायरीवर असताना चढ लागला तर पळायचे नाही, चालायचे.

आता आमच्या या दरीत सपाट जागा म्हणजे फुटबॉलचे मैदान आणि चर्चचे आवार. बाकी सगळा चढच.

एल्ड्रिडला ते चालणे जमेना. ती चढावर चालू लागली की ट्रॅक्टरवरून जाणारा कोणीतरी ओरडायचा, "काय गं, संपलीस का?" तो आपला चेष्टा करायचा, पण तिला ती सातवी जागा आठवायची. मग ती पळायची. चढ संपेपर्यंत तोंडात रक्ताची चव यायची. घरी येऊन वहीत लिहायची, 'पहिली पायरी. शांत.'

हे मला जुलैत कळले, तेही गुडमुनमुळे. गुडमुन म्हणजे आमच्याकडचा एक्याण्णव वर्षांचा म्हातारा, जन्मभर जंगलात लाकडे तोडलेला आणि तरुणपणी स्कीवर नाव काढलेला. कॉफी घेऊन कोणीही पोरगी गेली की तिचे मनगट धरायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायची, हा त्याचा खेळ. त्या दिवशी एल्ड्रिड गेली. अर्धा तास ती त्याच्याच खोलीत बसून त्याचे शर्ट घडी करत होती, म्हणजे धावपळ काही झालेली नव्हती.

"चौसष्ट," गुडमुन म्हणाला.

"चुकलास तू. पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजली. "चौसष्ट. बसल्या जागी! पोरी, तुझ्या वयात मी ओंडका खांद्यावर घेतला तरी एवढी होत नसे. प्रेमात पडलीस का?"

"तुझ्या," ती म्हणाली.

"मग उशीर झाला. मला दात नाहीत." तो खो खो हसला आणि मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. "तोर्गेरला माहीत आहे का हे?"

ती कपबशी उचलून थेट स्वयंपाकघरात आली. मी माशांच्या वड्या तळत होते. ती माझ्याकडे पाठ करून सिंकशी उभी राहिली आणि तो एकच कप कितीतरी वेळ धूत राहिली. मी विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले. सकाळची नाडी साठाच्या वर गेल्याला तीन आठवडे झाले होते. वहीत ती सेहेचाळीस लिहीत होती.

"पण का गं?"

"साठ लिहिली तर तो सराव थांबवेल."

"आणि सेहेचाळीस लिहिलीस म्हणून?"

"वाढवतो." ती वळली. "शैला, तो वही वाचतो आणि म्हणतो, पोरगी ताजी आहे, झेपतंय हिला. जूनमध्ये आठवड्याला चौदा तास होते. आता अठरा. पुढच्या आठवड्यापासून वीस. मी जेवढं खोटं लिहिते तेवढं तो वाढवतो, आणि जेवढं वाढवतो तेवढं मला जास्त खोटं लिहावं लागतं."

"मग सांगून टाक त्याला."

"आता कशी सांगू? त्याने माझी वही बारक्या पोरांना वाचून दाखवली. धीर कसा असतो ते एल्ड्रिडकडून शिका म्हणाला." तिला हसू आले, पण ते काही हसण्यासारखे नव्हते. "धीर!"

मी कोणाला सांगणार नाही असे तिने माझ्याकडून कबूल करून घेतले. का केले कबूल, असे मी स्वतःला पुढे पुष्कळदा विचारले. पण परक्याच्या पोरीने विश्वासाने सांगितलेले आपण दुसरीकडे कसे नेणार?

ऑगस्ट लागला आणि तिचे जेवण कमी झाले. ताटात तपकिरी चीजचा पाव तसाच राहायचा. एकदा मी कोठीत बटाटे आणायला गेले, तर ही पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. तोंड उघडे, हातात रिकामी टोपली. मी उठवले तर दचकून म्हणाली, "किती वाजले? किती वेळ गेला?" जणू काही चोरी पकडली.

तिची आई बूदिल दुकानात गल्ल्यावर असते. दुकानात गेले की माझ्याशी लेकीबद्दल बोलायची. "हल्ली नुसती खेकसते गं माझ्यावर. काल म्हटलं, जरा बस, दूधभात खा, तर म्हणे तुला काही कळत नाही. पण तोर्गेर इतका खूश आहे ना! वही सगळ्यांना दाखवली म्हणे. तिचे बाबा असते तर..." तिने माझे कांदे तोलले. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.

सकाळी देवापुढे दिवा लावताना त्या दिवसांत एल्ड्रिडचे नाव माझ्या मनात यायचे. काय मागावे तेच कळत नसे. निवड होऊ दे म्हणावे, तर तिचे हे हाल वर्षभर चालणार. नको होऊ दे म्हणावे, तर शाप दिल्यासारखे. शेवटी मी नुसते तिचे नाव घ्यायचे आणि निरांजन खाली ठेवायचे.

चाचणीच्या आधीच्या रविवारी क्लबच्या लाकडी घरात बारक्या मुलांचा मेळावा होता. माझा मुलगा क्लब सोडून सात वर्षे झाली, पण वाफल भाजण्याच्या पाळीतून माझे नाव काही सुटलेले नाही. तर मी ओसरीवर साचा तापवून पीठ घालत होते. आत टेबलावर एल्ड्रिडची वही उघडून ठेवली होती, येणाऱ्या आईबापांनी बघावी म्हणून. क्लबच्या घरामागूनच टेकडीची वाट चढते.

बारा-तेरा वर्षांची सव्वीस मुले रांगेत उभी होती. तोर्गेर म्हणाला, "एल्ड्रिड पुढे, तुम्ही मागे. वर जाऊन परत यायचं. पहिली पायरी. चढ लागला की काय करायचं?"

"चालायचं!" सगळी ओरडली.

"जो धापा टाकत येईल त्याला वाफल नाही."

निघाली सगळी. तोर्गेर कॉफीचा कप घेऊन माझ्या शेजारी कठड्याला टेकला. सपाटीवर एल्ड्रिड मागे वळून मुलांशी बोलत होती, कोणाच्या तरी टोपीवरून काही चेष्टा चालली होती. चढ लागला. ती चालू लागली. मी मनात मोजत होते. आठ पावले, नऊ, दहा. अकराव्या पावलाला तिची टाच उचलली गेली आणि ती पळू लागली. मागे सव्वीसच्या सव्वीस पोरे पळू लागली.

"मस्करी करतेय," तोर्गेर हसून म्हणाला.

ती थांबली नाही. रांग फुटली, बारकी मागे पडली, कोणी काठी टाकून गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले, तरी ती पळतच होती, मान खाली घालून. तोर्गेरने कप कठड्यावर ठेवला आणि शिट्टी वाजवली. दोनदा वाजवावी लागली.

सगळी खाली आली. मुलांची तोंडे टोमॅटोसारखी झाली होती.

"मी चाला म्हटलं होतं," तो म्हणाला.

"चालतच होते की," एल्ड्रिड म्हणाली. खोटे बोलत नव्हती ती. तिने मुलांकडे पाहिले, मग चढाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण पळत होतो हे तिला आत्ता कळत होते.

तोर्गेर आत गेला आणि वही घेऊन आला. सुताराच्या जाड अंगठ्याने पाने उलटत राहिला. मे, जून, जुलै. साच्यातली वाफल करपली, तरी मी हलले नाही.

"यातलं खरं काय आहे?" त्याने विचारले.

तिने त्याच्या अंगठ्याखालच्या पानाकडे पाहिले. मग म्हणाली, "तारखा."

एक मुलगा फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"आज सकाळची नाडी?"

"सेहेचाळीस लिहिलीय."

"होती किती?"

"अडुसष्ट."

तोर्गेरने वही मिटली. तो चिडेल असे मला वाटले होते. चिडला असता तर बरे झाले असते. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "या आकड्यांवर मी तुझा सराव वाढवत गेलो, बाई. उन्हाळाभर."

"तुझी चूक नाही."

"चाचणीची नावं उद्या पाठवायची आहेत. तुझं पाठवत नाही."

"तोर्गेर, मी शनिवारी चढून दाखवते. खरंच. पाचात येईन मी."

"येशील. ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग ऑक्टोबरात तुला घरचा जिना चढवणार नाही. असं झालेलं मी पाहिलंय. वर्ष जातं, कधी दोन जातात. कधी माणूस परतच येत नाही."

"पुढच्या वर्षी माझं वय उलटतं!" ती ओरडली. "हे तुला माहीत आहे!"

"माहीत आहे."

ती रडेल म्हणून मी पुढे झाले, पण ती रडली नाही. कोंडलेले जनावर आधी सगळ्या बाजूंना बघते, तशी ती बघत होती. रस्ता, टेकडी, घर. जायला कुठेच वाट नव्हती. पळून जाता आले असते, पण तेच तर नको होते. मुलांतल्या एकीने हळूच नाक पुसले.

तोर्गेर उठला. "फेरी राहिलीय. घेऊन जा त्यांना."

"मी?"

"तूच. चालत."

ती गेली. ही टेकडी एरवी ती सहा मिनिटांत पार करायची. मी घड्याळ पाहिले, वर पोचायला तिला तेवीस मिनिटे लागली. तिचे पाय दर दोन पावलांना पुढे ओढ घ्यायचे आणि ती त्यांना मागे धरायची. दोरीने बांधलेली गाय बाजारातून घरी न्यावी, तसे तिने स्वतःला वर नेले. मुले तिच्यामागे गप्पा मारत होती. एक-दोघे तर तिला मागे टाकून पुढे गेली, आणि तिने त्यांना जाऊ दिले. तोर्गेर शेवटपर्यंत उभा राहून बघत होता. त्याच्या कॉफीवर साय धरली होती.

खाली आल्यावर तिने वाफल खाल्ली नाही. आईला फोन केला. बूदिल दुकानाचा अंगरखा न काढताच आली आणि तिला गाडीतून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. साडेसात वाजले, आठ वाजले, एल्ड्रिड आली नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सव्वादहाला स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"शैला, मी आत्ता उठले," तिचा आवाज घोगरा होता. "दहा वाजेपर्यंत झोपले मी. आईने उठवलंच नाही."

"बरं झालं."

"मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"मला अजून झोप येतेय. एवढी झोपले तरी. हे थांबलंच नाही तर?"

मी काही डॉक्टर नाही. तोर्गेरसुद्धा किती महिने लागतील ते सांगू शकला नव्हता.

"तर झोप," मी म्हटले. "नाडी-बिडी मोजू नकोस. बटाटे मी सोलते."

तिने फोन ठेवला नाही. मी पाण्याचा नळ बंद केला, कानाला फोन धरून उभी राहिले आणि तिचा श्वास ऐकत राहिले. हळूहळू तो संथ झाला.