फुग्यांखालची पेन्सिल

आमच्या ग्रुपवर दोनशे बारा सभासद आहेत. त्यांपैकी जेमतेम वीस जणांना मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. जुने कॉमिक्स एकमेकांना टपालाने पाठवायचे आणि बदल्यात दुसरे घ्यायचे, एवढंच आमचं काम. पैशांचा व्यवहार बंद, तो नियम मी पहिल्याच दिवशी केला. मी नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करतो आणि सहा वर्षांपासून हा ग्रुप चालवतो.

कारखान्यात आम्ही एखादा भाग ‘चांगला वाटतो’ असं म्हणत नाही. मोजतो. तीच सवय मी ग्रुपवर आणली. प्रत्येक अंकाला दहापैकी गुण: कण्याला दोन, मुखपृष्ठाला दोन, आतल्या पानांना तीन, पिनांना एक, आणि अंकावर कुणी काही लिहिलेलं नसेल तर दोन. तीनशे गुणांचा गठ्ठा दिला तर तीनशे गुणांचा मिळणार, पाच इकडे-तिकडे. अंक किती दुर्मिळ याचा विचार नाही, कारण त्यावरून भांडणं होतात. नव्या सभासदाचं पहिलं पार्सल थेट समोरच्याकडे जात नाही. आधी माझ्याकडे येतं, मी गुण देतो, मग पंधरा दिवसांच्या आत पुढे पाठवतो.

बायको मला ‘ग्रुपची सासू’ म्हणते.

सातवा नियम असा आहे: अंकाला काही केलं असेल, डिंक लावला, पिना बदलल्या, पान चिकटवलं, तर ते समोरच्याला आधी सांगायचं. हा नियम मी स्वतः लिहिलेला आहे. म्हणून पुढचं सगळं सांगताना तो आधी सांगितला.

पेन्सिल खोडायला मी कधी लागलो ते नक्की आठवत नाही. पहिल्यांदा बहुधा कुणीतरी मुखपृष्ठावर लिहिलेला इयत्तेचा आणि तुकडीचा शेरा असेल. मऊ खोडरबर, वर जुना दाढीचा ब्रश, भुगा झटकायला. पाच मिनिटांत दोन गुण वाढले. पाठवणाऱ्याला बदल्यात जास्त अंक मिळाले, घेणाऱ्याला स्वच्छ अंक मिळाला. नुकसान कुणाचंच नाही. ही दुरुस्ती नाही, सफाई आहे, असं मी ठरवलं आणि सातव्या नियमातून स्वतःला बाहेर काढलं. सोफ्यावर भुगा पडलेला दिसला की बायको म्हणायची, “झालं वाटतं लोकांचं शुद्धीकरण.”

मागच्या वर्षी हरसूलहून एक पार्सल आलं. क्षारसंजीवनीच्या पुड्यांचा रिकामा खोका, त्याला आडवी-उभी सुतळी, आणि गाठी अशा की कात्री लावावी लागली. पाठवणाऱ्या बाई तिकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. पार्सलच्या आधी त्यांचा फोन आला होता.

“सर, वेळ हाय का दोन मिनिटं? ते कॉमिक्सचं विचारायचं होतं.”

“बोला ना ताई.”

“आमच्याकडं लसीकरणाला आया येतात, सोबत मोठी पोरं असतात. बाकावर बसून नुसती भांडतात. त्यांना चित्रांची पुस्तकं ठेवायची म्हणते. पातळ, स्वस्तातली असू द्या. फाडणारच हायेत.”

“तुमच्याकडे द्यायला काय आहे?”

“भावाची हायेत अडतीस. ती बाकावर नाय ठेवायची मला. कुणी नीट ठेवणारा माणूस बघा, त्याच्या हातात जाऊ द्या. घरी पत्र्याखाली कसर लागायला लागली.”

भाऊ आता नाही, हेही त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली. हे त्यांनी वाक्याच्या मध्येच सांगितलं आणि पुढे पार्सलचं वजन किती चालतं ते विचारलं. मी वजन सांगितलं.

अडतीस अंक रद्दीतून घेतलेले होते, तरी चांगल्या अवस्थेत. कणे सरळ, पिनांना थोडासा गंज. पण आत प्रत्येक पानावर पेन्सिल. चित्रांमधल्या माणसांच्या तोंडून निघालेले जे बोलण्याचे फुगे असतात, त्या प्रत्येक फुग्याखाली एक बारीक ओळ. छापलेलं हिंदी किंवा मराठी, आणि खाली हे लिखाण, देवनागरीतच, पण मला अर्धं कळेना. ‘कुठे’च्या जागी ‘कठ’. पेठ-सुरगाण्याकडची माणसं बसमध्ये बोलतात तसलं काहीतरी. लिखाणाचे दोन गुण शून्य. अडतीस अंकांचे मिळून दोनशे चोवीस गुण भरले.

पेन्सिल काढली तर बरोबर तीनशे होत होते.

त्या वेळी केलेला हिशोब मला अजून पाठ आहे. बाकावर ठेवायचे पातळ, झिजलेले अंक सरासरी पाच गुणांचे. दोनशे चोवीसमध्ये पंचेचाळीस आले असते, तीनशेमध्ये साठ येणार होते. म्हणजे उपकेंद्रातल्या मुलांना पंधरा अंक जास्त. मी मुलांसाठीच करतोय असं मला खरंच वाटत होतं.

दहा अंक खोडून झाल्यावर अकराव्याला मी थांबलो. त्यात एका पानावर लिहिणाऱ्याने फुग्याखाली जागा पुरली नाही म्हणून ओळ वळवून चित्राच्या कडेने वर नेली होती, झाडाच्या बुंध्यापर्यंत. एवढा खटाटोप कुणी उगाच करत नाही. बायको समोर मेथी निवडत होती. तिला ते पान दाखवलं.

“हे कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलंय,” ती म्हणाली. “त्या बाईंना एक फोन तरी करा.”

“त्यांनी दिलेत ते अंक. आणि चौदा दिवसांपैकी नऊ गेलेत.”

“पंधरा म्हणता ना तुम्ही नेहमी?”

“एक दिवस पॅकिंगला.”

“करा मग पॅकिंग,” ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

मी फोन केला नाही. अकरावा खोडला, आणि उरलेले सत्तावीसही. जोर देऊन लिहिलेलं होतं, त्यामुळे जोर देऊन खोडावं लागलं.

अंक सोलापूरच्या एका ज्येष्ठ सभासदांकडे गेले. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, “रद्दीतले अंक इतके स्वच्छ मी आजवर पाहिले नाहीत.” त्यावर अंगठ्यांची रांग लागली. बदल्यात त्यांच्याकडून हरसूलला एकसष्ट पातळ अंक गेले. ताईंनी बाकाचा फोटो टाकला: पाच मुलं, पाच अंक, एक मुलगी उलटा धरून वाचते आहे. तो फोटो मी बरेच दिवस ग्रुपच्या नावाशेजारी ठेवला होता.

अडीच महिन्यांनी त्यांचा फोन आला.

“सर, एक मागू का? त्यातला एक अंक दोन दिवसांसाठी परत मिळंल का? खजिन्याचा होता बघा, वर गुहेचं चित्र. फोटो काढते अन् लगेच पाठवते. त्यांचा अंक त्यांना.”

“कशासाठी हवाय?”

“आई आजारी हाय. ती म्हणते, त्यानं लिवलेलं वाचून दाखव. दुसरं काय नाय ना त्याच्या हातचं. सातवीपर्यंत शिकला अन् मग द्राक्षाच्या बागांत कामाला. तिकडून यायचा तेव्हा रद्दीवाल्याकडनं ही आणायचा. मी लहान, मला हिंदी नाय समजायचं, शाळेतलं मराठी पण नाय. मग तो खाली आमच्या बोलीत लिवायचा.” मग हसून म्हणाल्या, “तेव्हाच फोटो काढायला पाहिजे होते मी. तुम्ही म्हणाला नीट ठेवतात, म्हणून म्हणलं कुठं जातात.”

मी म्हणालो, “विचारतो.”

माझ्या नोकरीत चुकीचा माल पुढे गेला की पहिलं वाक्य ‘माझ्याकडून पास झाला’ असं म्हणायचं असतं. बावीस वर्षं मी इतरांना ते शिकवलं. फोनवर मात्र मी ‘विचारतो’ म्हणालो, आणि पुढचे अकरा दिवस त्यांना काहीच कळवलं नाही. दोनदा त्यांचा मेसेज आला. दुसऱ्यांदा लिहिलं होतं, “त्यांना जमत नसंल तर राहू द्या सर.” म्हणजे दोष सोलापूरकरांवर जात होता, आणि मी तो जाऊ दिला.

सोलापूरहून तो अंक मी मागवून घेतला. कारखान्यात धातूवरचा बारीक ओरखडा दिसत नसेल तर दिवा आडवा धरतात. तिरक्या उजेडात खाचेची सावली पडते. रविवारी दुपारी मी पडदे ओढले आणि टॉर्च पानाला टेकवून धरला. दिसलं. जोर देऊन लिहिलेल्या अक्षरांचे दाब कागदात राहिले होते. पूर्ण अंकात एकशे सत्त्याऐंशी फुगे. त्यांपैकी एकाहत्तरांच्या खालची ओळ पूर्ण वाचता आली, चाळीस अर्धवट. उरलेल्या शहात्तरांच्या जागी कागद गुळगुळीत होता. तिथे मी काम चोख केलं होतं.

एकाहत्तर ओळी मी वहीत उतरवल्या. अर्थ न कळता, एकेक अक्षर.

बायको म्हणाली, “आता हे पोस्टाने पाठवू नका.”

हरसूलला गेलो तो बाजाराचा दिवस निघाला. उपकेंद्रात गर्दी होती. बाकावर आमचे अंक होते, एकाचंही मुखपृष्ठ जाग्यावर नव्हतं. ताई वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील. हातात सिरिंज, कानाला फोन. मी ग्रुपचं नाव सांगितलं.

“अगं बाई, सर तुम्ही? एवढ्या लांब? टपालानं नाय टाकलं?” मग बाकावरच्या बायकांना, “सरका गं, नाशिकचं पाव्हणं हाय.”

मी बसलो नाही. अंक त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, “ताई, यातलं लिखाण नाही राहिलं. मी खोडलं. तुम्हाला न विचारता.”

त्यांनी अंक उघडला. चार-पाच पानं उलटली. परत पहिल्यावर आल्या.

“कशानं?”

“रबराने.”

“पण कशाला?”

“लिहिलेलं नसलं की दोन गुण वाढतात.”

“दोन गुण,” त्या म्हणाल्या. मागून एक बाळ रडायला लागलं, तशा त्या वळल्या, त्याच्या मांडीला सुई दिली, कार्डावर नोंद केली, पुढचं नाव पुकारलं. अशी नऊ बाळं झाली. मी भिंतीला टेकून उभा होतो.

गर्दी सरल्यावर त्यांनी घसा तपासायचा टॉर्च काढला. तिरका कसा धरायचा ते मी दाखवलं. दोन पानं त्यांनी ओठ हलवत वाचली आणि एकदम फस्सकन हसल्या.

“हा दाढीवाला म्हणतोय बघा, ‘खजिना कहाँ है?’ अन् यानं काय लिवलंय? ‘आईनं गूळ कठ ठेवला?’”

“मला वाटलं भाषांतर आहे.”

“कसलं भाषांतर! सगळं मनाचं. आमच्या घरातलं घालायचा. हा शिपाई म्हणजे आमचा काका.” त्यांनी पान उलटलं, टॉर्च फिरवला, आणखी आडवा केला. त्या पानावर काही नव्हतं. पुढच्यावरही नव्हतं. “हिथं काकाला म्हैस मारती. काय म्हणतो ते... काय म्हणतो बरं...”

तिथे मला कळलं की छापील संवादावरून उरलेल्या ओळी कुणाला भरून काढता येणार नाहीत. माझी वही मी पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण उघडली नाही.

“बाकीचे सदतीस?”

“तेही.”

“सगळे?”

“सगळे.”

टॉर्च बंद करून त्या म्हणाल्या, “मी बाकावर ठेवले असते तर पोरांनी फाडले असते. पण तुकडं तरी राहिले असते, सर.”

शेवटची बस साडेपाचची होती. त्यांनी चहा दिला. चहा न देता पाठवलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं, सातव्या नियमासकट. सहा वर्षांत माझ्या हातून गेलेल्या आणखी किती अंकांवरची पेन्सिल गेली, ते मला सांगता आलं नाही. ती नोंद मी ठेवलेली नाही. काहींनी मोठं मन दाखवलं, एकाने लिहिलं, “एवढं काय त्यात.” ते वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते माझंच होतं. लिखाणाचे दोन गुण आता आम्ही काढून टाकले आहेत. अंक आठपैकी मोजतो.

सोलापूरकरांना तीनशे गुणांच्या बदल्यात माझ्या कपाटातले चौतीस अंक दिले आणि उरलेले सदतीसही हरसूलला पोहोचवले. सोबत एक टेबलावरचा दिवा, मान आडवी होणारा.

ताई आता महिन्यातून एक-दोन वेळा मला मेसेज करतात. नमस्कार नसतो, विचारपूस नसते. पानाचा नंबर आणि वाचता आलेल्या ओळींचा आकडा. ‘पान ४, १४ पैकी ५.’ ‘पान ६, ९ पैकी ७.’ आकड्यांची भाषा मला समजते हे त्यांनी ओळखलं आहे. आकडा चांगला असला की मी आईंना वाचून दाखवलं का, असं विचारतो. ‘हो’ एवढंच येतं.

परवाच्या मेसेजसोबत पानाचा फोटो होता: ‘पान ११, १३ पैकी ०.’ मी तो अंक ओळखला. झाडाच्या बुंध्यापर्यंत ओळ गेली होती तेच पान.