दातिवऱ्याची डबाभर वाळू

दातिवऱ्याला हल्ली लोक समुद्र बघायला जातात. ऐंशीच्या दशकात मी गेलो तो माझी चूक बघायला.

बोईसरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी माती-वाळू तपासायचो. दातिवऱ्याच्या लोकांनी शाळेच्या जागेची वाळू गोणीत भरून पाठवली होती. मी ती साच्यात चांगली ठोकून बसवली, भार देऊन पाहिला आणि ‘जागा योग्य’ लिहून मोकळा झालो. त्या कागदाच्या भरवशावर गावानं श्रमदानानं दगडी जोतं बांधलं. आता त्याचा एक कोपरा खचल्याचा निरोप आला होता. रविवारी सकाळीच निघालो.

सफाळ्याला रेल्वेतून उतरायचं, तिथून एसटी. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, हाडं खिळखिळी होतात. रस्ता म्हणजे तेव्हा खड्ड्याला खड्डा लागलेला.

दगड वाहणाऱ्या बायकांची म्होरकी नर्मदामावशी थांब्यावरच उभी होती. तिच्या दोन नाती झाडाखाली शिकायच्या. पाऊस लागला की शाळा बंद. मावशी मला आधी किनाऱ्यावर घेऊन गेली. ओहोटी होती. लाटांनी चोपलेल्या वाळूवरून एक जण माशांच्या टोपल्या लादलेली सायकल हाकत होता, तरी चाकाची नुसती रेघ उमटत होती. दहा पावलं वर, सुरूंच्या झाडांपाशी, माझा पाय घोट्यापर्यंत बुडाला.

“वाळू येकच हाय, भाऊ,” मावशी म्हणाली. “ती पान्यानं बसवलेली, ही वाऱ्यानं टाकलेली.”

एवढं शिकून मला जे सुचलं नाही ते हे! दाणे तेच, पण वाऱ्यानं टाकलेले दाणे एकमेकांना जेमतेम टेकून असतात, मध्ये पोकळ्या राहतात. ती ठेवण गोणीत भरतानाच मोडली, उरलीसुरली मी ठोकून घालवली. मी तपासलेली वाळू दातिवऱ्याची राहिलीच नव्हती. आणि जोतं वाऱ्याच्या वाळूवर उभं होतं.

कळलं, पण बोलवेना. जोत्याशेजारच्या ओलसर वाळूत पत्र्याचा डबा अलगद दाबून काठोकाठ भरून घेतला. मावशीनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. पावसाआधी पोरी आत बसतील ना, एवढंच तिनं विचारलं. तपासून कळवतो म्हणालो. भित्रा होतो, दुसरं काय.

परतताना डबा मांडीवर. तूप आहे का, कंडक्टरनं विचारलं. सफाळ्याच्या फलाटावर झाकण उघडलं तर वाळू दोन बोटं खाली गेलेली. एक कणही सांडला नव्हता. नुसत्या धक्क्यांनी ही बसली, तर वर भिंती चढल्यावर काय होईल? स्टेशनबाहेर तीच एसटी परत दातिवऱ्याला निघाली होती. चढलो.

“एक कोपरा नाही, मावशी, सगळं जोतं काढावं लागेल,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”

ते सगळे दगड अख्खा उन्हाळा या बायकांनी डोक्यावरून वाहिले होते.

“दगुड आमीच आनले, आमीच उचलू,” ती म्हणाली. “तू जागा दाव.”

रस्त्यापलीकडची मुरमाड जमीन दाखवली, या वेळी स्वतः खणून.

डबा अजून माझ्या घरी आहे. शाळा झाली, पण त्या पावसाळ्यानंतर. त्या दिवशी मी निघालो तेव्हा मावशी खचलेल्या कोपऱ्याचा पहिला दगड डोक्यावर घेत होती. मला शेवटची एसटी गाठायची होती. मी एकही उचलला नाही.