कपाटाच्या रंगाची तपासणी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की नव्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना चकाकणारा रंग द्यावा की बिनचकाकीचा. मला इतकं हसू आलं की फोन ठेवावा लागला, आणि तुम्हाला वाटलं लाइन तुटली. उत्तर मला पक्कं माहीत आहे. ते कसं कळलं, तेही सांगायला हवं, म्हणून लिहून पाठवते आहे.

पासष्टच्या लढाईचे दिवस होते. तुमचे आजोबा जबलपूरला लष्करी सामानाच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. वर्ध्याहून माझ्या सासूबाईंचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी बुधवारी येते. नोकरीपायी घराची आबाळ दिसली, तर सूनबाईनं शाळा सोडावी. मला शाळा फार आवडायची. तेव्हा घर लखलखीत दिसायला हवं होतं, आणि स्वयंपाकघरातलं नवं कपाट तर अजून बिनरंगाचं उभं होतं. ते फॅक्टरीच्या लिलावातल्या पेट्यांच्या लाकडाचं होतं. एका दारावर ‘ही बाजू वर’ असं इंग्रजीत छापलेलं होतं, तेही उलटं.

मला पूर्ण चकाकीचा पांढरा ऑइलपेंट हवा होता. आजोबांना चकाकी सोसवेना. लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्या हाताखालून जाणारी प्रत्येक वस्तू बिनचकाकीची असे. त्यांनी सायकलचं चकचकीत हँडलसुद्धा मातकट रंगवून टाकलं होतं.

“स्वयंपाकघर विमानातून कोणाला दिसणार आहे?” मी विचारलं.

“नियम तो नियम,” ते म्हणाले. “पण आपण तपासणी करू. पास होईल तो रंग.”

त्यांनी तीन फळ्या रंगवल्या: पूर्ण चकाकी, अर्धी चकाकी, बिनचकाकी. खडूनं नंबर घातले आणि आठवडाभर वाळू दिल्या. रविवारी दुपारी ते त्यांच्या विभागातल्या दोन मित्रांना घेऊन आले. तिघांच्याही हातांत ओलं फडकं, शिवाय घड्याळ आणि वही. माझं काम एवढंच, की कडकडीत फोडणी करून प्रत्येक फळीवर एक एक पळी ओतायची.

“भाभीजी, थोडी हल्दी और,” एक मित्र गंभीरपणे म्हणाला.

मी तिसरी पळी ओतते आहे, मोहरी चारी दिशांना उडते आहे, आणि दारात सासूबाई. सोबत मिळाली म्हणून तीन दिवस आधीच निघाल्या होत्या.

“काय करून राहिले रे तुम्ही?”

“तपासणी, आई,” आजोबा म्हणाले.

“फळीवर फोडणी टाकून? मग भात काहून नाही टाकत वर?”

झालं. मला हसू फुटलं. पाया पडायला वाकले ती पळी हातात घेऊनच, आणि वाकल्यावर उठताच येईना. शाळा गेली, हे कळत होतं, तरी हसू थांबेना. मित्र भिंतीकडे तोंड करून खोकत होते.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि आजोबांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. “कोणती बाई ओल्या फडक्यानं तेल पुसते? राख आणा.”

शेगडीतली राख घेऊन त्यांनी तिन्ही फळ्या घासल्या. एक नंबरचं तेल गेलं, पण सगळा ओरखड्यांनी भरला. तीन नंबरनं हळद पिऊन टाकली होती, ती निघेचना. दोन नंबर स्वच्छ निघाला आणि ओरखडाही दिसेना. राखेचा विचार तिन्ही तपासनिसांपैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. आजोबांनी वहीत लिहिलं: दोन नंबर पास.

संध्याकाळी चहा घेताना मी स्वतःच शाळेचा विषय काढला. सासूबाई बशीत फुंकर घालत म्हणाल्या, “माझ्या घरात जन्मात एक बाप्या हातात फडकं घेऊन उभा नाही राहिला. तुझ्याकडे तीन आहेत. सोडतेस काहून नोकरी?”

मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. तुम्ही अर्ध्या चकाकीचा रंग घ्या. आमचं कपाट अजून जबलपुरात, गढा भागातल्या घरात आहे. डाव्या दाराची बिजागरी दोनदा बदलली, रंग तोच आहे.